घरातला नवा निखारा

घरात अग्नी कोठे ठेवावा आणि त्याची राखण कोणी करावी, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनी मोठ्या विचाराने सोडवला होता. चुलीची जागा ठरलेली असे. देवघरातली समई पितळी ताम्हनात उभी केली जाई. कंदिलाची काच पुसून वात कापण्याचे काम रोज संध्याकाळी एकाच माणसाकडे असे. आणि रात्री निजानीज होण्यापूर्वी घरातली वडीलधारी बाई, आमच्या कोकणीत जिला रांदण म्हणतात त्या चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवी. निखारा विझवावयाचा नाही, कारण सकाळी त्याच्यावरच चूल पेटवावयाची. आणि तो धगधगताही ठेवावयाचा नाही, कारण घर झोपलेले असते. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, त्यामागून गॅसचा सिलिंडर आला. प्रत्येकाबरोबर त्याची शिस्तही घरात आली. निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा, गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये, हे आज लहान मूलही जाणते.

गेल्या काही वर्षांत मात्र आमच्या घरांत अग्नीचा एक नवा प्रकार आला आहे आणि त्याची शिस्त अद्याप आलेली नाही. छंद म्हणून उडवावयाची ड्रोन आणि विमाने, दुरून चालवावयाच्या मोटारी आणि होड्या, शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेली यंत्रे, या साऱ्यांना चालना देणारी लिथियम पॉलिमर बॅटरी, जिला आमचे विद्यार्थी नुसते ‘लिपो’ म्हणतात, तो हा नवा अग्नी होय. सिलिंडर आला तो सिलिंडरच्याच रूपाने, म्हणून आपण त्याला भ्यालो आणि त्याचे नियम शिकलो. लिपो आली ती खेळण्याच्या वेषात. खेळण्याला कोण भितो? म्हणून ती आज दप्तरात कंपासपेटीच्या शेजारी पडलेली असते, कपड्यांच्या कपाटात असते, अभ्यासाच्या टेबलावर वह्यांच्या ढिगाखाली असते, आणि पुष्कळदा पलंगाखालच्या खोक्यात असते. ही अवस्था पालटली पाहिजे, आणि ती पालटण्याची जबाबदारी एकट्या मुलांवर टाकून घराला व शाळेला मोकळे होता येणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. आम्ही या बॅटरीचे वैरी नाही. लिथियमच्या बॅटरीमागे थोर बुद्धिमत्तेचे श्रम आहेत. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात तिचा पाया घातला, जॉन गुडइनफ यांनी १९८० साली कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवून तिची शक्ती वाढवली, अकिरा योशिनो यांनी १९८५ साली तिला व्यवहारोपयोगी रूप दिले, आणि १९९१ साली ती जपानमधून बाजारात आली. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. जो मुलगा किंवा जी मुलगी स्वतःच्या हाताने तारा जोडून एखादे विमान आकाशात उडवते, ती या विद्येचीच उपासना करते. परंतु उपासनेला सोवळे असते, आणि येथे त्या सोवळ्याचाच प्रश्न आहे.

आता थोडे गणित करू. विद्यार्थिमित्रांनी कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळून पाहावे. छंदासाठी सर्रास वापरली जाणारी तीन सेलांची बॅटरी ११.१ व्होल्टची आणि २२०० मिलिअँपिअर-तासांची असते. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे सुमारे २४.४ वॉट-तास, म्हणजेच सुमारे ८८ हजार जूल एवढी ऊर्जा होते. एक लिटर पाण्याचे तापमान २१ अंशांनी वाढवण्यास ती पुरेशी आहे. हा आकडा भयंकर वाटत नाही. पण ही ऊर्जा किती वेगाने बाहेर पडू शकते, ते पाहावे. बॅटरीच्या वेष्टणावर २५-सी असे छापलेले असेल, तर तिच्यातून ५५ अँपिअर प्रवाह काढता येतो, असा त्याचा अर्थ. घरात इस्त्री किंवा गीझर लावण्यासाठी जे मोठे सॉकेट असते, त्याची मर्यादा १६ अँपिअरची. तळहातावर मावणारी ही वस्तू अशा तीन सॉकेटांहून अधिक प्रवाह एकटी देऊ शकते. तिची दोन टोके चुकून एखाद्या किल्लीला किंवा नाण्याला एकदम टेकली, तर काय होईल, हे सांगावयास नको.

येथे पालक म्हणतील, “आमच्या खिशातल्या फोनमध्येही लिथियमचीच बॅटरी असते. ती उशाशी ठेवून आम्ही झोपतो. मग या एका बॅटरीचाच एवढा बाऊ कशासाठी?” प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. फोनच्या बॅटरीबरोबर एक लहानसे विद्युतमंडल बसवलेले असते. ते तिचा पहारेकरी होय. भरणा अधिक झाला, उपसा अधिक झाला, टोके एकमेकांस चिकटली, की तो दार बंद करतो. छंदाच्या लिपोला बहुधा असा पहारेकरी नसतो, कारण तिच्यातून क्षणात प्रचंड प्रवाह खेचावयाचा असतो आणि तिचे वजनही कमी राखावयाचे असते. शिवाय टॉर्चमधल्या गोल लिथियम सेलाला पोलादाचे कवच असते. लिपोला असते ते केवळ मऊ पातळ पाकीट. विमान आपटले, वर जड वस्तू पडली, दप्तर कोणी पायाखाली घेतले, तर तो मार सरळ आतल्या भागाला बसतो. तात्पर्य, कारखान्याने जो पहारेकरी ठेवला नाही, त्याची जागा बॅटरीच्या मालकाने घ्यावयाची आहे. हे काम पत्करावयाचे नसेल, तर तो छंदही पत्करू नये.

ही बॅटरी पेट कशी घेते, तेही थोडक्यात सांगतो. सेलाच्या आत धन आणि ऋण असे दोन थर असून त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि सारे काही एका ज्वालाग्राही द्रावणात भिजलेले असते. मार बसून पडदा फाटला, किंवा भरणा मर्यादेबाहेर गेला, म्हणजे आत उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया वेग घेतात. त्या क्रियांतून आणखी उष्णता निघते. पडदा पॉलिथिलीनचा असेल, तर सुमारे १३० अंश सेल्सिअसला तो वितळू लागतो, आणि मग दोन्ही थरांमध्ये आडकाठी म्हणून उरत नाही. याहून अधिक तापमानाला कोबाल्ट ऑक्साइडमधून प्राणवायूही सुटतो. म्हणून पेटलेली बॅटरी गोणपाटाने झाकून गुदमरवता येत नाही. तिचा श्वास थोडाफार तिच्याजवळच असतो. निघणारा धूर केवळ काळा नसतो, विषारीही असतो, कारण त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू असू शकतो. आणि एक सेल पेटला की शेजारचा तापतो. आग आटोक्यात आली असे वाटून पाठ फिरवावी, तो काही वेळाने ती पुन्हा पेट घेते.

“इतकी वर्षे आमच्याकडे काही झाले नाही,” असे म्हणणारेही भेटतात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ठेच तर जगाला पुरेशी लागलेली आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका बोइंग ७४७ मालवाहू विमानाला आकाशात आग लागली. त्या मालात लिथियमच्या बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. विमान परत वळवूनही वाचले नाही आणि दोन्ही वैमानिक मृत्यू पावले. अशा अनुभवांतून विमान वाहतुकीचे नियम कडक होत गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई केली, आणि मालवाहू विमानातून न्यावयाच्या असल्या तर त्यांत ३० टक्क्यांहून अधिक भरणा असू नये, असा दंडक घातला. आमच्या गोव्यातल्या कितीतरी घरांचा आखाती देशांशी नित्य येण्या-जाण्याचा संबंध आहे. दाबोळीला किंवा मोपाला सामान देताना सुट्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत ठेवू देत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवावयास सांगतात, हे त्या घरांना ठाऊक आहे. असे का? तर विमानाच्या पोटात आग लागली तर ती कोणाला दिसत नाही. माणसांत लागली तर तत्काळ दिसते.

या नियमांचे सार काढले, तर दोनच गोष्टी उरतात. पहिली, साठवताना बॅटरी भरलेली नसावी. दुसरी, तिच्यावर माणसाची नजर असावी. रांदणीतला निखारा राखेखाली झाकणाऱ्या आजीने याहून वेगळे काय केले होते?

आता घरात ही बॅटरी कशी सांभाळावी, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट भरण्याची. लिपोचा एक सेल पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या खाली त्यास कधी जाऊ देऊ नये. साठवून ठेवताना तो सुमारे ३.८ व्होल्टवर असावा. तीन सेलांची बॅटरी असेल तर ११.४ व्होल्ट. चांगल्या चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाची सोय असते. ती हेच काम करते. रविवारी उडवावयाचे म्हणून शनिवारी बॅटरी भरली आणि पाऊस आला, तर ती तशीच पुढच्या रविवारपर्यंत ठेवू नये; दोन-तीन दिवसांत वापरावयाची नसेल, तर अर्ध्यावर आणून ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी पडून राहिली तर ती लवकर जीर्ण होते, फुगते, आणि दुर्दैवाने पेटलीच तर आग अधिक भयंकर असते. पार रिकामी ठेवणेही तितकेच वाईट; तिच्या आतले तांबे द्रावणात उतरू लागते आणि ती पुन्हा भरताना आतल्या आत टोके जुळण्याचा धोका उत्पन्न होतो. निखारा विझवावयाचाही नाही आणि फुलवूनही ठेवावयाचा नाही, हाच न्याय येथे लागू पडतो.

दुसरी गोष्ट जागेची. पलंगाखाली, कपड्यांच्या कपाटात, पुस्तकांच्या फळीवर, पडद्यांजवळ, गॅस सिलिंडरजवळ बॅटरी ठेवू नये. कौलाखालच्या माळ्यावरही ठेवू नये. चैत्र-वैशाखात तेथे किती उष्मा असतो, हे आम्ही सांगावयास नको. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर तिला क्षणभरही विसरू नये. आणखी एका जागेचा विचार सहसा कोणी करीत नाही. बाहेर पडण्याच्या वाटेवर, म्हणजे जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी ती ठेवू नये, कारण तेथे आग लागली तर माणसे आतच अडकतात. फरशीची किंवा दगडाची जमीन, जवळपास जळण्यासारखे काही नाही, हवा खेळती आहे, ऊन-पाऊस लागत नाही आणि येता-जाता घरच्यांची नजर पडते, अशी जागा निवडावी. आमच्या जुन्या घरांत चिऱ्याची भिंत आणि फरशी असलेला एखादा कोपरा असा निघतोच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीतली सावलीची, पण कोरडी जागा पाहावी.

तिसरी गोष्ट भांड्याची. येथे पुष्कळांची समजूत उलटी असते. लोखंडी पेटी घट्ट बंद केली की आपण निर्धास्त झालो, असे त्यांस वाटते. वस्तुतः बॅटरी पेटली म्हणजे वायू फार मोठ्या प्रमाणात सुटतो, आणि त्यास वाट मिळाली नाही तर ती पेटीच फुटते. म्हणून पेटी वापरावयाची तर तिची रबरी पट्टी काढून टाकावी किंवा तिला भोके पाडावी, आणि आतून सिमेंटचा पत्रा किंवा फरशीचे तुकडे लावावे, म्हणजे टोके लोखंडास लागणार नाहीत. बाजारात लिपोसाठी न जळणाऱ्या कापडाच्या पिशव्या मिळतात. त्या ठिणग्या आवरतात, परंतु धूर अडवीत नाहीत. तेव्हा केवळ पिशवीवर विसंबू नये. ज्यांस खर्च परवडत नाही त्यांनी भाजलेल्या मातीची जाड कुंडी घ्यावी. तळाशी तीन बोटे कोरडी वाळू, तिच्यावर बॅटरी आणि वर सैल झाकण, एवढी व्यवस्था शंभर-दोनशे रुपयांच्या घरात होते. वाळूने ही आग विझत नाही, पण ज्वाला आणि ठिणग्या आवरल्या जातात. मात्र किनाऱ्यावरची वाळू आणू नये. तिच्यातले मीठ ओल धरते, आणि मीठ व ओल या दोन्ही गोष्टी विजेच्या टोकांच्या शत्रू आहेत. एका भांड्यात एकच बॅटरी असावी, ढीग घालू नये. आणि प्रत्येकीच्या टोकांवर टोपण असावे.

चौथी गोष्ट भरणा करण्याच्या वेळेची. बॅटरी भरताना माणूस तिथेच हवा, आणि तो जागा हवा. रात्री लावून सकाळी काढणे, किंवा लावून बाजारात जाणे, हे सर्वथा वर्ज्य समजावे. प्रत्येक सेल समान भरणारा चार्जर वापरावा, आणि २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल तर प्रवाह २.२ अँपिअरहून अधिक ठेवू नये. चार्जरवर सेलांची संख्या बरोबर आहे ना, हे बटण दाबण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावे. उडवून आणलेली गरम बॅटरी थंड झाल्यावाचून लावू नये.

पाचवी गोष्ट फुगलेल्या आणि मार बसलेल्या बॅटरीची. फुगणे याचा अर्थ आत वायू साचला आहे. ती दाबू नये, टोचू नये आणि ‘एकदाच शेवटची’ म्हणून भरूही नये. विमान कोसळले असेल तर बॅटरी वरून धडधाकट दिसली तरी निदान तासभर ती घराबाहेर, मोकळ्या जागी, फरशीच्या तुकड्यावर ठेवून दुरून लक्ष ठेवावे. निकामी झालेली बॅटरी सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली जाते, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. तेव्हा दुकानदाराकडे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे ती द्यावी.

आणि इतके करूनही धूर दिसलाच, तर शौर्य गाजवू नये. सर्वांना बाहेर काढावे, जाताना त्या खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. पेटती बॅटरी हातात धरून बाहेर फेकावयास धावणे हा मूर्खपणा होय. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण हसण्यासाठी वापरतो. पण आमच्या खेड्यांतल्या अरुंद पाणंदीतून बंब येण्यास वेळ लागतो, ही हसण्याची गोष्ट नव्हे. म्हणूनच विझवण्यापेक्षा सांभाळण्याला महत्त्व.

हे सारे नियम कोणत्याही समंजस मुलाला अर्ध्या तासात शिकवता येतात. आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यत्वेकरून लेखणी हाती घेतली, त्याकडे वळतो. आमच्या मते या बॅटरीला सर्वांत धोकादायक जागा ना पलंगाखालची, ना माळ्यावरची. सर्वांत धोकादायक जागा ती, जिथे मूल तिला लपवून ठेवते.

आणि मूल ती का लपवते, याचा विचार आपण मोठ्यांनीच करावयाचा आहे. बॅटरी स्वस्त नसते. वडिलांनी काटकसर करून ती घेऊन दिलेली असते, किंवा शाळेच्या साहित्यातून ती उसनी आणलेली असते. विमान आपटते, बॅटरीला पोचा येतो, दुसऱ्या दिवशी ती फुगलेली दिसते. आता सांगावे तर बोलणी खावी लागणार, छंद बंद होणार, कदाचित पैसे भरावे लागणार. न सांगावे तर निदान आजचा दिवस निभावतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाने दुसरा मार्ग निवडला, तर नवल ते काय? ती फुगलेली बॅटरी मग जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात जाते. नेमके जिथे तिने असू नये, तिथे ती जाऊन बसते, आणि तिच्यावर कोणाचीही नजर नसते.

म्हणून काही पालकांनी सुचवलेला सरसकट बंदीचा उपाय आम्हांस मान्य नाही. बंदीने बॅटऱ्या नाहीशा होत नाहीत. त्या केवळ दिसेनाशा होतात. मूल मित्राच्या घरी, बागायतीतल्या खोपीत किंवा गच्चीवरच्या खोलीत जाऊन तोच उद्योग करील, आणि तिथे त्यास सांगणारे कोणी नसेल. त्यापेक्षा घरात उघड्यावर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या नियमाने हा छंद चालावा, हे शतपटीने बरे. पालकांनी आपल्या मुलास एक वचन द्यावे : “बॅटरी पडली, फुगली, बिघडली आणि तू येऊन सांगितलेस, तर तुला कोणी रागावणार नाही. लपवलीस तर मात्र रागावू.” हे वचन एकदा दिले की ते पाळलेही पाहिजे. पहिल्याच वेळी कान पिळला, तर दुसऱ्या वेळी ते मूल येणार नाही.

शाळेचेही कर्तव्य येथे उभे राहते. २०१६ सालापासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेने देशभर हजारो शाळांत यंत्रे, सुटे भाग आणि ड्रोन पोहोचले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण साहित्य आले म्हणजे शिक्षण आले, असे होत नाही. आमच्या तीन सूचना आहेत. प्रथम, साठवणीचा पाठ घेतल्यावाचून कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती बॅटरी देऊ नये. बक्षीस म्हणून तर मुळीच नाही. दुसरी, प्रयोगशाळेत बॅटऱ्यांची एक नोंदवही असावी आणि प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज, तारीख व सही विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावी. तिसरी सूचना काहींना रुचणार नाही, तरीही ती आग्रहाने मांडतो : फुगलेली किंवा मार बसलेली बॅटरी जो विद्यार्थी आपण होऊन आणून देईल, त्याच्याकडून शाळेने भरपाई मागू नये.

यावर असा आक्षेप येईल की, अशाने मुले बेफिकीर होतील आणि शाळेची मालमत्ता वाऱ्यावर जाईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. काही मुले निष्काळजी असतात. नोंदवहीत त्यांची नावे वारंवार दिसतील आणि त्यांना काही काळ हे काम देऊ नये. परंतु दंडाच्या भीतीने एक जरी बॅटरी गाठोड्यात लपली आणि एक जरी घर जळाले, तर वाचलेल्या दंडाच्या रकमेने कोणाचे समाधान होणार आहे? बॅटरीची किंमत दोन-तीन हजार रुपये. मुलाने येऊन खरे सांगावे, यासाठी शाळेने तेवढे सोसण्यास हरकत नसावी.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा वार्षिक परीक्षा संपत आलेल्या असतील आणि मे महिन्याच्या सुटीचे बेत चाललेले असतील. कोणी आजोळी जाईल, कोणी मुंबईला, कोणी बेळगावला. घरे तीन-तीन, चार-चार आठवडे बंद राहतील. बंद खिडक्यांच्या आत, तापलेल्या कौलांखाली ती भट्टीसारखी होतील. एप्रिलमधल्या शेवटच्या खेळासाठी भरलेल्या बॅटऱ्या अशा घरांत पडून राहणे, हे आमच्या मते वर्षातले सर्वांत मोठे संकट आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, सामान बांधण्यापूर्वी एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवा. घरातल्या साऱ्या बॅटऱ्या बाहेर काढा, विसरलेल्याही शोधा. प्रत्येकीचे व्होल्टेज मोजा, सेलागणिक ३.८ वर आणा. फुगलेल्या वेगळ्या करून वडीलधाऱ्यांना दाखवा. बाकीच्या कुंड्यांत घालून फरशीच्या कोपऱ्यात ठेवा. घर पूर्ण बंद राहणार असेल, तर त्या शेजारच्या कोणा जाणत्या माणसाकडे त्याच्या संमतीने सोपवा आणि जाताना त्याला नियम सांगून जा.

आणि पालकहो, त्या संध्याकाळी मुलाशेजारी जरा बसा. व्होल्ट आणि अँपिअर ही भाषा तुम्हांस परकी वाटली तरी चालेल. गाठोड्यातून एखादी फुगलेली बॅटरी निघाली, तर ती कधीपासून तिथे आहे, हे शांतपणे विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या.